पेटी चौरंगावर, मी खाली

मला पेटी शिकवणाऱ्या मास्तरांची स्वतःची पाठ वाकडी होती. ते झाडीपट्टीतल्या नाटकांना ऑर्गन वाजवायचे. एका गावात बसायला खुर्ची मिळायची, दुसऱ्या गावात साबणाचं खोकं, तिसऱ्या गावात काहीच नाही. पंधरा-वीस वर्षं मिळेल त्यावर बसून त्यांनी पाठीचं मातेरं करून घेतलं होतं. डावा खांदा वर, उजवा खाली आणि मान कायम पुढे. शिकवणीच्या पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला सूर दाखवलेच नाहीत. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "नीट पाहून घ्या. सुरात चुकले त मी आहो. पाठीत चुकले त कोनी नाही."

हे तुमसरला. बाबा तिथल्या एका राइस मिलमध्ये धान भरडायचं यंत्र चालवायचे आणि मिलच्या मागच्या गोदामात दुपारी मास्तरांची शिकवणी भरायची. आम्ही चार-पाच मुलं-मुली, सगळी मिलमधल्या कामगारांची. बसायला बारदाना आणि टेकायला पोती, याची तिथे काय कमी! मास्तरांचं सगळं शास्त्र त्या दोन गोष्टींवर उभं होतं. पाठ टेकून ती सरळ आहे का याचा अंदाज घ्यायचा तो भरल्या तांदळाच्या पोत्याला, कोंड्याच्या नाही. कोंड्याचं पोतं दबतं आणि त्याच्याबरोबर आपणही दबतो. बुडाखाली बारदान्याच्या चार घड्या घ्यायच्या, म्हणजे मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. पेटी अशी ठेवायची की कोपर आणि पट्ट्या एका रेषेत आल्या पाहिजेत. एवढं झालं की मास्तर आमच्या दोन्ही खांद्यांवर धानाचे चार-चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचे, "मार आता भाता." दाणे पडले की भाता बंद. पहिला महिना मी एकही सूर वाजवला नाही, नुसती हवा भरली. बाबा घरी विचारायचे, "पोरगी पेटी शिकून राहिली का चूल फुंकून राहिली?"

मला भयंकर राग यायचा. माझा स्वभाव तसाही तिखट. पण हळूहळू दाणे खांद्यावर टिकायला लागले आणि पुढची पाच-सहा वर्षं तासन्‌तास वाजवूनही आपल्याला पाठ आहे हे मला कधी आठवावं लागलं नाही.

आणीबाणीच्या वर्षी माझं लग्न झालं. सासर भंडाऱ्याकडे, शहापूरवरून आत गेलं की लागणारं, धानाच्या शेतीचं गाव. बघायला आले तेव्हा शिक्षण, स्वयंपाक, शिवण असं सगळं विचारून झालं आणि शेवटी सासूबाईंनी तोंड उघडलं. "पेटी येते म्हनतात, खरं हाय का?" झालं होतं असं की त्या गावातल्या बायकांच्या भजनी मंडळानं वर्गणी काढून पेटी घेतली होती आणि घेतल्या दिवसापासून ती कापडात गुंडाळून पडली होती. वाजवणारी कोणी नव्हती. सासूबाई मंडळाच्या पुढारी. त्यांनी मुलगा पुढे करून पेटीवाली घरात आणली, असं माझा नवराच हसत हसत सांगायचा.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. थोरल्या जाऊबाईंना दोन मुलगे होते, शेतातल्या बायकांचं सगळं काम त्यांच्या हुकुमानं चालायचं. या घरात मला स्वतःची अशी जागा मिळायची तर ती पेटीपुढेच, हे मी पहिल्या आठवड्यात ओळखलं.

दर गुरुवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या घरापुढच्या ओसरीत भजन असायचं. माझ्या पहिल्या गुरुवारी सासूबाईंनी आतून चौरंग आणला. सागवानी, वीतभर उंच, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं. असा चौरंग गावात एकच होता. तो मांडून त्यांनी त्यावर लाल कापड घातलं, कापडावर पेटी ठेवली, पेटीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग मला म्हणाल्या, "बस."

मी सवयीनं एका बारदान्याच्या चार घड्या केल्या आणि त्यावर बसणार एवढ्यात सासूबाईंनी तो ओढून घेतला. "भजनाची पेटी हाय. तिच्यापुढं भुईवर बसाचं. देवाच्या वस्तूपुढं आपलं आसन उचलाचं नाही." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मी नवी सून. सतरंजीवर बसले.

चौरंग वीतभर आणि पेटी त्याहून जास्त. पट्ट्या माझ्या छातीशी आल्या. डावा हात पेटीच्या पलीकडे टाकून भाता ओढायचा, म्हणजे खांदा कानाला टेकायचा. मास्तर असते तर धानाचे दाणे थेट अंगणात कोंबड्यांपुढे गेले असते. पण पेटी वाजली, त्या बायका आयुष्यात पहिल्यांदा सुराला धरून गायल्या आणि भजन संपल्यावर सासूबाईंनी टाळ खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी खांदा विसरून गेले. त्या दिवशी पानात पहिली पोळी मला पडली.

आम्हाला मूल झालं नाही. हे मी एका वाक्यात सांगते, कारण त्या वर्षांत मला ते कुणी एका वाक्यात सांगितलं नाही. उपास सांगितले, अंगारे आणले, पाळण्यातली पोरं मुद्दाम माझ्या मांडीवर ठेवली. गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की आमच्याकडचा चौरंग मागायला माणूस यायचा. बाईला हिरवी साडी नेसवायची, फुलांचे दागिने घालायचे आणि चौरंगावर बसवायचं, अशी रीत. पाच-सहा वर्षांत तो चौरंग सगळं गाव फिरून आला. जाऊबाईंच्या तिसऱ्या खेपेला तो आमच्याच घरात मांडला गेला. माझ्या वाट्याला मात्र तो गुरुवारी, पेटीखाली यायचा.

सासूबाईंनी मला त्यावरून कधी बोल लावला नाही. बोल लावायला इतर पुष्कळ जणी होत्या. एकदा विहिरीवर मंडळातलीच एक बाई म्हणाली, "मांडीवर लेकरू नाही त काय झालं, समोर पेटी त हाय." हे सासूबाईंच्या कानावर गेलं. पुढचे दोन गुरुवार त्यांनी त्या बाईच्या हातात टाळ दिले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "टाळ फुटले." टाळ कधी फुटतात का? पण त्यांना उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा माझी पाठ दुखायला लागली. आधी दोन खांद्यांच्या मधली एक जागा जळायची. मग मान आखडायला लागली, मग कंबर. शुक्रवारी सकाळी तर भरली कळशी उचलवत नसे. गुरुवारनंतर शुक्रवार येतो, एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण नाही कळलं.

घरात सगळ्यांचं निदान एकच होतं, रोवणी. आमच्याकडे धानाचं रोप चिखलात लावायचं ते बायकांनीच. सकाळपासून सांजेपर्यंत कमरेत वाकून, पोटरीभर पाण्यात, मागे मागे सरकत. प्रत्येक बाईची पाठ दुखायचीच, मग माझी दुखली तर नवल काय? नवऱ्यानं मला भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, रोवणी, निंदण, पाणी भरणं, सारवण. पेटीचं नाव मी घेतलं नाही. लपवलं नाही हो, पण पेटी हे काम आहे असं मलाच वाटत नव्हतं. ती तर माझी बसायची वेळ! डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही. गोळ्या दिल्या, पाठीला चोळायला मलम दिलं.

त्या पावसाळ्यात मला रोवणीतून सुट्टी मिळाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जाऊबाई रोज संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन अंगणात यायच्या आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं पोरांना सांगायच्या, "तुमची काकू रानी हाय बापा. रानीले चिखल नाही लागू द्यायचा." मी चुलीत लाकूड सारायची. गुरुवारी मात्र चौरंगापुढे बसून दोन तास वाजवायची. पाठ काही थांबली नाही. उलट वाढली. आता तर जाऊबाईंना खात्रीच पटली की मी ढोंग करते, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मलाही तसंच वाटायचं.

उलगडा झाला तो हिवाळ्यात. गावात लागोपाठ तीन डोहाळजेवणं आली. चौरंग तिकडे, बाई त्यावर, आणि गाण्यांना पेटी हवी म्हणून मीही तिकडे. चौरंग अडलेला म्हणून पेटी भुईवर ठेवायची. सगळ्यांचे डोळे त्या बाईकडे, माझ्याकडे कोण बघतं? मी कोपऱ्यातला एखादा बारदाना ओढायची, चार घड्या करायची आणि त्यावर बसायची. तीन-तीन तास गाणी चालायची. तिसऱ्या डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कळशा भरून आणल्या आणि घडवंचीवर ठेवताना लक्षात आलं की पाठ दुखत नाही. मी तिथेच उभी राहिले. आधीच्या दोन डोहाळजेवणांनंतरच्या सकाळी आठवून पाहिल्या. तेव्हाही दुखली नव्हती. ज्या दिवसांनी माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागायचं, त्याच दिवसांनी माझ्या पाठीला आराम दिला होता. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

मास्तरांची वाकडी पाठ डोळ्यांपुढे आली. पाठीत चुकले तर कोणी नाही. मी तडक सासूबाईंकडे गेले. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"आई, माही पाठ रोवन्यानं नाही, पेटीनं दुखते. पेटी खाली ठेवा, मले बारदाना घेऊ द्या."

त्यांचं सूप थांबलं नाही. "भजनाची पेटी खाली नाही ठेवत."

"डोहाळजेवनात त खालीच राह्यते."

"थे गानं. हे भजन."

"पेटीले काय मालूम, गानं का भजन?"

"तुले त मालूम हाय," त्या म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मंग मी नाही वाजवत." त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. "नोको वाजवू," म्हणाल्या, आणि उठून पेटी कापडात गुंडाळून फडताळात ठेवून आल्या.

चार गुरुवार पेटीशिवाय भजन झालं. पाठ माझी सुधारली, पण मला एकेक गोष्ट कळत गेली. गुरुवारी बायका ओसरीत यायच्या आणि मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन जायची. कप घेताना कुणी वर बघायचं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "पाठ बरी हाय न आता? मंग उद्यापासून चाल वावरात." पाठ बरी झाली होती, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. बाहेर भजनाची वेगळीच तऱ्हा. जी सुरू करायची ती इतक्या वरून सुरू करायची की दुसऱ्या कडव्याला अर्ध्याजणी गळून पडायच्या. सासूबाईंचा आवाज बसला. चौथ्या गुरुवारी विहिरीवरची ती बाई म्हणाली, शहापूरला एक शाळेतली पोरगी पेटी शिकते, तिला बोलवू. सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत.

ते मी आतून ऐकलं. लेकरू नाही, शेतात जाऊबाईंचं राज्य, आणि आता पेटीपुढे दुसरीच कोणी पोर. मग या घरात मी कोण? पाठ गेली तर गेली, असं मी ठरवलं. पुढच्या बुधवारी सासूबाईंना सांगायचं, चुकलं माझं, चौरंगावरच ठेवा.

बुधवारी दुपारी मी गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, धुणं धुवायला गेले होते. परत आले तर घरात सामसूम. मधल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून एकच सूर येत होता, लांबच लांब, मध्येच तुटणारा. मी फटीतून पाहिलं. सासूबाईंनी चौरंग मांडला होता, त्यावर पेटी, आणि स्वतः पुढे भुईवर बसल्या होत्या. डावा हात पलीकडे टाकून भाता ओढत होत्या, उजव्या हाताचं एक बोट एका पट्टीवर. खांदा कानाला टेकलेला. त्यांना पेटी येत नव्हती. त्या वाजवत नव्हत्याच, नुसत्या माझ्यासारख्या बसून पाहत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी पट्टीवरचं बोट उचललं आणि तोच हात मागे नेऊन मान दाबली. आयुष्यभर रोवणी केलेली बाई ती. मी ओली धुणी घेऊन तशीच मागच्या अंगणात गेले आणि वाळत घालायला लागले. सांगायचं ठरवलेलं सांगितलं नाही.

गुरुवारी सगळ्याजणी जमल्या. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. मी आले तर चौरंग मांडलेला होता, लाल कापड घातलेलं होतं. पेटी मात्र त्याच्यापुढे, भुईवर, बारदान्याच्या घडीवर ठेवली होती.

"बस," त्या म्हणाल्या.

मला कळेना. "कोठी?"

"दिसत नाही का? चवरंगावर."

विहिरीवरची ती बाई हसली. "काय व बाई, चवरंगावर? आज का डोहाळजेवन हाय का तिचं?"

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी मागे फिरणार होते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि त्या बाईकडे न बघताच म्हणाल्या, "चवरंग माह्या घरचा हाय. त्याच्यावर कोनाले बसवाचं थे मी ठरवीन." त्यांनी मला खांद्याला धरून खाली दाबलं, चौरंगावर बसवलं. पेटीला हळदकुंकू लावलं आणि त्याच बोटांनी माझ्या कपाळालाही लावलं. दरवेळी पेटीला वाहायचं ते फूल त्या दिवशी त्यांनी माझ्या अंबाड्यात खोवलं. मग आपल्या जागी जाऊन टाळ उचलले. डोळे माझेच भरले होते असं नाही, पण त्यांचे त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. "चाला, सुरू करा," म्हणाल्या.

आता खरं ते सांगते. तो चौरंग बसायला फार उंच होता. पेटी खाली, मी वर. पट्ट्या माझ्या मांडीच्याही खाली गेल्या, भात्यासाठी तर मला रोवणीत वाकतात तसं वाकावं लागत होतं. मास्तरांनी पाहिलं असतं तर पहिल्या भजनालाच भाता बंद करायला लावला असता. तिसऱ्या भजनाला कंबर बोलायला लागली, पाचव्याला मान. मध्ये चहा झाला तेव्हा सासूबाई जवळ आल्या आणि हळूच विचारलं, "पाठ बरी हाय का आता?"

"हाव आई, बरी हाय," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी मी न विचारता बारदान्याच्या चार घड्या केल्या, चौरंग आत नेऊन ठेवला आणि भुईवरच्या पेटीपुढे त्या घड्यांवर बसले. सासूबाईंनी टाळ उचलले. त्यानंतर आजतागायत मी तशीच बसते आणि माझी पाठ शाबूत आहे. पण त्या एका गुरुवारी दोन तास कंबर मोडून निघाली, तरी आरती होईपर्यंत मी चौरंगावरून उतरले नाही.